जुनी गाडी सुरू होत नाही? आधी कान द्या, मग पाना घ्या



रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात आपण नेहमी बी-बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. या खेपेचे पत्रक मात्र गाडीवर काढले आहे. शेतीखात्याच्या माणसाने गाडीवर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो.

एका पावसाळ्यात मी धामणगाव बढे येथे मुक्कामी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाशीवरच्या बोंडअळीची बैठक होती. रात्री साडेअकराच्या सुमारास शेजारच्या घरी धावपळ सुरू झाली. घरच्या सूनबाईला कळा लागल्या होत्या. दारात जुनी डिझेल जीप उभी होती. दोन वर्षांपूर्वी कापूस विकून त्यांनी ती दुसऱ्या हाताची घेतलेली. किल्ली फिरवली की नुसते ‘टक्’ व्हायचे, पुढे काही नाही. चिखलात पाच-सहा जणांनी ढकलून पाहिली, पण चाके जागच्या जागी घसरत होती. घरधनी म्हणाले, “साहेब, सेल्फच गेला वाटते. मिस्त्रीनं मांगच्या महिन्यातच सांगतलं व्हतं.”

मी टॉर्च मागून बॉनेट उघडले आणि बॅटरीच्या तारेला हात लावला. निगेटिव्हचा क्लँप खुंटीवर बोटांनी गोल फिरला. खाली पांढरा-हिरवा क्षार साचलेला. चाकूने खुंटी खरवडली, क्लँप आतून घासला, पान्याने आवळला. पहिल्याच सेल्फला जीप सुरू झाली. बाई वेळेत मोताळ्याला पोहोचल्या, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण दोन मिनिटांच्या कामासाठी पंचवीस मिनिटे गेली होती. त्या पंचवीस मिनिटांत उंबऱ्यावर बसलेल्या सासूबाईंचा चेहरा मी विसरलो नाही. त्या घरात गाडी होती, पाना होता, माणसेही होती. कुठून बघायला सुरुवात करायची, एवढेच ठाऊक नव्हते. तेच या पत्रकात सांगायचे आहे.

आणि एक गोष्ट आधीच. घरात आजारी माणूस असेल, साप चावला असेल किंवा बाळंतपण असेल, तर गाडीशी झटण्यापूर्वी १०८ क्रमांकाला फोन लावावा. ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. फोन झाला की मग बॉनेट उघडावे.

गाडीला सुरू व्हायला काय लागते?

आपल्याकडे जीप जुनीच ओळखीची. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात आली. पुढे व्हॅन आली, कमांडर आली, बोलेरो आली. यांतल्या पुष्कळ गाड्या शहरात दोन मालक करून शेवटी खेड्यात येतात. गाडी कोणतीही असो, ती सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, इंजिन जोरात फिरले पाहिजे. हे काम बॅटरी आणि सेल्फ करतात. दुसरी, इंजिनात तेल आणि हवा पोहोचली पाहिजे. तिसरी, ते तेल पेटले पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत प्लगची ठिणगी ते पेटवते. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणून डिझेल इंजिन जड फिरले तर हवा तापत नाही आणि गाडी धरत नाही.

या तीनपैकी काय कमी पडले, हे गाडी स्वतःच आवाजाने सांगते. म्हणून आधी कान द्यावा.

हात घालण्यापूर्वी

१. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. पेचकसाने सेल्फचे दोन खुंट जोडून गाडी किंवा ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय पुष्कळांना आहे. ती सोडावी. गिअर पडलेला असेल तर गाडी तुमच्याच अंगावर येते. अशाने माणसे दगावतात.

२. बॅटरीजवळ विडी, काडी, कंदील नेऊ नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने फुटतो. आतले पाणी म्हणजे तेजाब आहे. डोळ्यात उडाले तर भरपूर साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

३. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

४. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये निदान एक मिनिट थांबावे. सलग मारला तर सेल्फ जळतो आणि बॅटरी बसते. मग साधा बिघाडही मोठा होतो.

पहिला आवाज: काहीच नाही, किंवा नुसते ‘टक्’

हेडलाइट लावावा, एका माणसाला पुढे उभे न करता बाजूला उभे करावे आणि किल्ली फिरवावी.

दिवा आधीच मंद असेल, किंवा किल्ली फिरवताच विझत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी ढिली आहे. विहिरीवरच्या मोटरला होल्टेज कमी आले की ती नुसती घूं-घूं करते आणि पाणी उचलत नाही, तसाच हा प्रकार. दोन्ही क्लँप हाताने हलवून पाहावेत. हलता कामा नयेत. सेल्फ मारल्यावर एखादा क्लँप गरम लागला, तर दोष तिथेच आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार पुढे गाडीच्या चॅसीला आणि इंजिनला बोल्टने बांधलेली असते. तो बोल्ट गंजला तरी हेच होते. तोही घासून आवळावा.

क्लँप काढताना आधी निगेटिव्ह काढावा आणि लावताना तो शेवटी लावावा. असे केले म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. क्षार धुवायला पाण्यात खाण्याचा सोडा घालावा, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नये. शेवटी खुंटीवर व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवावा.

दिवा झगझगीत राहत असेल आणि तरीही सेल्फ गप्प असेल, तर दोष बॅटरीत नाही. किल्लीच्या स्विचची वायर, फ्यूज किंवा सेल्फवरचा सोलेनॉइड बघावा. सोलेनॉइडची बारीक वायर निसटलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. घरात किंवा गोठ्यात धान्य असेल तर उंदीर वायर कुरतडतात. म्हणून वायर बोटाने चाचपत शेवटपर्यंत जावे.

दुसरा आवाज: ‘घुर्र… घुर्र…’, इंजिन जड फिरते

हे उतरलेल्या बॅटरीचे लक्षण. साधा मल्टिमीटर गावात वायरमनकडे असतोच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर ती भरलेली आहे. १२.२ आले तर अर्धीच आहे. १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला द्यावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली पडत असेल तर ती बॅटरी भार उचलत नाही. गाडी सुरू झाल्यावर मात्र १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बॅटरीला भरत नाही. हे न पाहता नवी बॅटरी आणणारे शेतकरी मी पाहिले आहेत. महिन्याने नवी बॅटरीही बसते आणि मग दुकानदाराशी भांडण होते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची असेल, तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात आणि क्रम असा ठेवावा: लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते, ती बॅटरीपाशी उडू नये म्हणून हा क्रम.

ढकलून सुरू करायची तर सपाट किंवा किंचित उताराचा कोरडा रस्ता निवडावा. किल्ली ऑन, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडीने वेग घेतला की क्लच सोडावा. ढकलणारे मागे असावेत, पुढे कोणी नसावे. इंजिन बंद असताना पुष्कळ गाड्यांचा ब्रेक जड लागतो, हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मोठ्या घाटउतारावर हा प्रयोग करू नये.

तिसरा आवाज: इंजिन छान फिरते, पण धरत नाही

अशा वेळी बॅटरी-सेल्फचा दोष नाही. उगाच सेल्फ मारत बसू नये.

*डिझेलची गाडी असेल तर* सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचते आहे, पण पेटत नाही. थंडीच्या सकाळी असे होते. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत त्यात किल्ली ऑन करून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे, मग सेल्फ मारावा. तरी धरत नसेल तर हीटर प्लग किंवा त्याचा फ्यूज तपासून घ्यावा.

धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. मग या क्रमाने जावे. टाकीत डिझेल आहे का? काटा जुन्या गाडीत खोटे बोलतो, म्हणून शक्य तिथे काडी घालून बघावे. काही जुन्या जीपना बंद करायचा ओढ-दांडा असतो. तो पूर्ण आत गेला आहे का? ज्यांना तो नाही त्यांच्या पंपावर वायरचा बंद-सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन करताच तिथे बारीक ‘टिक्’ ऐकू यावे. ऐकू आले नाही तर त्याची वायर बघावी.

यानंतर फिल्टर. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाला बसते. तळाचा पेच ढिला करून पाणी भांड्यात काढावे आणि नितळ डिझेल आले की आवळावे. पावसाळ्यात ड्रममधले डिझेल वापरणाऱ्यांनी हे वरचेवर करावे.

टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा धरते. आपल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हने हवा घेतली की पाणी चढत नाही, तेव्हा आपण पंप पाण्याने भरून घेतो. इथेही तसेच आहे. फिल्टरवरचा हवेचा पेच थोडा ढिला करावा आणि हाताचा प्राइमर दाबत राहावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे नसलेली सलग धार येते. धार आली की दाबत असतानाच पेच आवळावा. पुढे पंपावर पेच असेल तर तिथेही असेच करावे. पुन्हापुन्हा हवा धरत असेल तर एखादी रबरी नळी चिरली आहे किंवा वॉशर गेला आहे, असे समजावे. नोझलच्या लोखंडी नळ्यांपाशी मात्र हात नेऊ नये. तिथल्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत जाते. असे झाले तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

हवेच्या फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून डिझेल इंजिन पेटवणे, हा प्रकार कोणी शिकवला तरी करू नये. आग लागते, आणि वेळी-अवेळी भडका होऊन पिस्टन फुटतो. इंजिन बांधायला लागणारा पैसा एका एकराच्या कापसातून निघत नाही.

*पेट्रोलची गाडी असेल तर* पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे. भपकारा येत असेल तर कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. पायाने पंप करू नये.

वास नसेल तर पेट्रोल येत नाही. वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा तापलेल्या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि ती पेट्रोलला वाट देत नाही. गाडी सावलीत घ्यावी, बॉनेट उघडावे, थोडे निवल्यावर पंपावर ओला फडका ठेवावा आणि अर्ध्या तासाने बघावे. नव्या बनावटीच्या इंजेक्शनच्या गाडीत टाकीत विजेचा पंप असतो. किल्ली ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद त्याची बारीक गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर त्याचा फ्यूज आणि रिले बघावा.

वास नेहमीसारखा असेल आणि तरी गाडी धरत नसेल, तर ठिणगी नाही. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसावी. प्लग काळा झाला असेल तर घासावा. पॉइंटची गाडी असेल तर पॉइंट बारीक पॉलिशपेपरने साफ करावेत.

पेट्रोलविषयी एक नवी गोष्ट. २०२५ पासून पंपांवर साधारण २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने लवकर मऊ पडतात. पेरणीपासून वेचणीपर्यंत गाडी उभी ठेवायची असेल तर जुने पेट्रोल टाकीत सडत ठेवू नये. आठवड्यातून एकदा गाडी फिरवावी. नळ्यांवर ओल किंवा चीर दिसली तर त्या बदलून घ्याव्यात, कारण तापलेल्या इंजिनवर पेट्रोल टपकणे म्हणजे आगीला आमंत्रण.

चौथा आवाज: सुरू होते, दोन मिनिटांत बंद पडते

टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक धुळीने बुजले असेल, तर आत निर्वात होऊन तेल येत नाही. झाकण ढिले करताच ‘फुस्स’ आवाज झाला आणि गाडी चालली, तर दोष सापडला. तेलाचा फिल्टर कोंदला तरी असे होते. हवेचा फिल्टरही उघडून बघावा. उभ्या गाडीत उंदीर त्यात घरटे करतात. एका गाडीच्या फिल्टरमधून मी स्वतः ओंजळभर सोयाबीनची टरफले काढली आहेत.

मिस्त्रीला केव्हा बोलवावे?

इंजिनच्या आतून ठोका ऐकू आला, ऑइलच्या काडीला दुधाळ फेस दिसला, रेडिएटरचे पाणी सारखे कमी झाले, किंवा इंजिन अजिबात फिरेनासे झाले, तर आपण हात लावू नये. पण मिस्त्रीला ‘गाडी बंद पडली’ एवढेच सांगू नये. आवाज कोणता आला, धूर होता की नव्हता, दिवा मंद झाला की झगझगीत राहिला, हे सांगावे. एवढे सांगितले तर त्याचा अर्धा दिवस आणि आपला पैसा वाचतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. त्या जीपचा सेल्फ बदलला असता तर पैसा गेला असता आणि ढिला क्लँप तसाच राहिला असता.

जुनी गाडी घेताना

सौदा सकाळी करावा, आणि मालकाला सांगावे की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करावी, मग सेल्फ मारावा. दोष लपवायचा असला की गाडी आधी तापवून ठेवतात. इंजिन आणि चॅसीचा नंबर कागदाशी ताडून पाहावा. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. ती वाढवलेली आहे का ते बघावे, आणि गाडी आपल्या नावावर करून विमा उतरवावा.

गाडीच्या पेटीत एवढे असू द्या

बॅटरीच्या नटाचा पाना, पेचकस, पक्कड, पॉलिशपेपरचा तुकडा, दोन-तीन फ्यूज, वायरचा तुकडा, चिकटपट्टी, कोरडा फडका आणि टॉर्च. महिन्यातून एकदा, बाजाराला निघण्यापूर्वी, दोन्ही क्लँप हलवून बघावेत. पाणी घालायची बॅटरी असेल तर तिच्यात खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी बॅटरी मरते.

इथे सांगितलेले पुष्कळसे ट्रॅक्टरला आणि डिझेल पंपालाही लागू आहे. वाफसा आल्यावर ट्रॅक्टर बंद पडला तर पेरणीचे दिवस हातचे जातात, आणि रात्री दारातली जीप बंद पडली तर त्याहून मोलाचे काही जाऊ शकते. म्हणून हे पत्रक घडी करून गाडीच्या पेटीत ठेवा. ज्याला वाचता येते त्याने घरातल्या सगळ्यांना, बायाबापड्यांनाही, एकदा वाचून दाखवा. बॅटरीचा क्लँप हलवून बघायला मिस्त्री लागत नाही.